इब्ने खल्दून: आजाराचे मूळ वंशात नव्हे, वस्तीत शोधणारे विचारवंत

अल्लामा इब्ने खल्दून (रह.) यांचे नाव आपल्या घरांमध्ये अनोळखी नाही. थोर इतिहासकार, समाजशास्त्राचा पाया घालणारे विद्वान, 'मुकद्दमा'चे लेखक अशी त्यांची ओळख आपण ऐकलेली असते. ती खरीच आहे. पण याच 'मुकद्दमा'मध्ये एक धागा असा आहे, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. माणूस आजारी का पडतो? एका वस्तीतली मुले चुणचुणीत आणि दुसऱ्या वस्तीतली मागे का दिसतात? एखादे शहर भरभराटीला येते आणि शंभर-दोनशे वर्षांत साथीने, उपासमारीने ओस का पडते? या प्रश्नांची उत्तरे इब्ने खल्दून यांनी रक्तात आणि घराण्यात शोधली नाहीत. हवा, पाणी, अन्न, घरांची दाटी, कराचा बोजा, जुलूम आणि शिक्षण यांत त्यांनी ती शोधली. हे काम त्यांनी सहाशे वर्षांपूर्वी केले, आणि तेही डॉक्टर किंवा हकीम नसताना. त्यांच्या आयुष्याकडे आज आम्ही याच बाजूने बघणार आहोत.

इब्ने खल्दून यांचा जन्म 1 रमजान 732 हिजरी, म्हणजे 27 मे 1332 रोजी ट्युनिस शहरात झाला. नाव अब्दुर्रहमान. घराणे मूळचे यमनमधल्या हद्रमौतचे. पुढे ते अंदलुसमध्ये, सेव्हिल शहरात स्थायिक झाले आणि तिथे मोठमोठ्या पदांवर पोहोचले. 1248 मध्ये सेव्हिल ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले. त्याच सुमारास या घराण्याने अंदलुस सोडले आणि ते उत्तर आफ्रिकेत आले. आजोबा दरबारात होते, वडिलांनी मात्र राजकारणापासून दूर राहून इल्मचा मार्ग धरला. अब्दुर्रहमान यांनी लहानपणीच कुरआन हिफ्ज केले. हदीस, फिकह, अरबी भाषा शिकले. पुढे अल-आबिली नावाच्या उस्तादांकडून त्यांनी गणित आणि तर्कशास्त्राचे धडे घेतले. खाऊनपिऊन सुखी घर, पुस्तके, विद्वानांची ये-जा असे त्यांचे बालपण होते.

आणि मग ताऊन आला.

1348 मध्ये प्लेगची महाभयंकर साथ भूमध्य समुद्राच्या बंदरांतून ट्युनिसला पोहोचली. युरोपात जिला काळी महामारी म्हणतात, तीच ही साथ. तेव्हा इब्ने खल्दून सोळा-सतरा वर्षांचे होते. या साथीत त्यांची आई गेली, वडील गेले, ज्यांच्या पायाशी बसून ते शिकले त्यांच्यापैकी कितीतरी उस्ताद गेले. त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे की, या साथीने पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत वस्त्यांचा नकाशाच बदलून टाकला. शहरे रिकामी झाली, रस्ते आणि खुणा पुसल्या गेल्या, राज्ये दुबळी झाली. त्यांना वाटले की जणू सगळी सृष्टीच नव्याने जन्माला आली आहे, म्हणून तिचा इतिहासही नव्याने लिहायला हवा.

इथे जरा थांबून विचार करा. सतरा वर्षांचा अनाथ मुलगा. त्या काळात अशा संकटाकडे बघण्याच्या दोन सोप्या वाटा होत्या. एक, नशिबाला दोष देऊन गप्प बसायचे. दुसरी, जादूटोण्यात कारण शोधायचे. इब्ने खल्दून यांचा अल्लाहवरचा विश्वास कधी डळमळला नाही. पण अल्लाहने या दुनियेत प्रत्येक गोष्टीला कारण ठेवले आहे आणि ते कारण शोधणे हे माणसाचे काम आहे, ही त्यांची पक्की धारणा होती. 'मुकद्दमा' वाचताना हे पानोपानी जाणवते.

वयाच्या विशीत ते ट्युनिसच्या दरबारात नोकरीला लागले. पण मन रमेना. ते फेज शहरात गेले, तिथल्या सुलतानाच्या मर्जीत आले आणि 1357 मध्ये कटाच्या संशयावरून तुरुंगात पडले. जवळजवळ दोन वर्षे कैदेत काढली. 1362 मध्ये ते गरनाताला, म्हणजे ग्रॅनडाला गेले. तिथले वजीर लिसानुद्दीन इब्ने अल-खतीब हे त्यांचे मित्र. इब्ने अल-खतीब हे हकीमही होते आणि प्लेगवर त्यांनी छोटा ग्रंथ लिहिला आहे. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागतो, कपड्यांतून आणि भांड्यांतून पसरतो, जे लोक इतरांपासून वेगळे राहिले ते वाचले, असे त्यांनी निरीक्षणावरून मांडले. जंतू दिसण्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हा इब्ने अल-खतीब यांचा प्रश्न होता. पुढे इब्ने खल्दून यांनी त्याच्याही मागचा प्रश्न विचारला. रोगाला अशी मोकळी वाट कुठल्या वस्तीत मिळते, आणि ती वस्ती तशी का झाली?

1364 मध्ये गरनाताच्या सुलतानाचे दूत म्हणून ते सेव्हिलला गेले. तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना राहण्याचा आग्रह केला, बापजाद्यांची मालमत्ता परत देऊ केली. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यानंतरची दहा वर्षे धामधुमीची होती. कधी बिजाया शहरात सुलतानाचे सर्वोच्च अधिकारी, कधी वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये राहून वाटाघाटी करणारे, कधी जीव वाचवत फिरणारे. या भटकंतीत त्यांनी दोन्ही प्रकारचे जगणे जवळून बघितले. तंबूत राहणारा, उंटाच्या दुधावर आणि थोड्याशा धान्यावर जगणारा बद्दू त्यांनी बघितला, आणि रोज पाच प्रकारचे पक्वान्न खाऊन हकिमाच्या दारात बसणारा शहरी श्रीमंतही बघितला.

1375 मध्ये राजकारणाला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातल्या कलात इब्ने सलामा या गढीत कुटुंबासह राहायला गेले. तिथे जवळजवळ चार वर्षे त्यांना निवांतपणा मिळाला. 1377 मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी 'मुकद्दमा'चा पहिला मसुदा पूर्ण केला.

आता या ग्रंथात आपल्या विषयाचे काय आहे ते बघू.

पहिली गोष्ट शहराच्या जागेची. शहर वसवताना काय बघावे? इब्ने खल्दून सांगतात, आधी हवा बघा. हवा कोंडलेली असेल, जवळ घाण पाण्याची डबकी किंवा दलदल असेल, तर तिथल्या जनावरांना आणि माणसांना लवकरच रोग जडतात. मग पाणी बघा. नदी किंवा गोड्या पाण्याचे झरे जवळ असावेत, कारण पाणी लांब असले की हाल रहिवाशांचे होतात. मग शेती, चराई, सरपण. आपल्याच पूर्वजांवर टीका करायलाही ते कचरत नाहीत. कुफा, बसरा आणि कैरवान ही शहरे वसवताना अरबांनी फक्त उंटांच्या चाऱ्याचा विचार केला, बाकीच्या गरजा बघितल्या नाहीत, म्हणून ती शहरे लवकर उजाड झाली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

दुसरी गोष्ट काबिस शहराची. ट्युनिशियातले हे शहर तापासाठी बदनाम होते. लोकांत एक कथा चालत आली होती. म्हणे तिथे खोदकामात शिशाने बंद केलेले तांब्याचे भांडे सापडले, कोणीतरी ते फोडले, त्यातून धूर निघाला आणि तेव्हापासून ताप सुरू झाला. इब्ने खल्दून यांनी ही कथा साफ नाकारली. तापाचे कारण भांड्यात नाही, तिथल्या साचून राहिलेल्या, न हलणाऱ्या हवेत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या विज्ञानाला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. पण शोधाची दिशा बघा. जादूवरून नजर काढून ती वस्तीवर आणणे, हे त्या काळात लहान काम नव्हते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट साथीची. सत्तेच्या शेवटच्या काळात उपासमार आणि साथी का वाढतात? इब्ने खल्दून कड्यांची साखळी मांडतात. राज्यकर्ते ऐषारामात बुडतात, खर्च भागत नाही, मग ते कर वाढवतात, लोकांची मालमत्ता हिसकावतात, फुकट राबवून घेतात. मेहनतीचे फळ आपल्या हाती राहत नाही असे दिसले की शेतकरी हात आखडता घेतो, जमीन पडीक राहते. साठवलेले धान्य संपते, भाव चढतात, गरीब उपाशी मरतो. त्यातच बंडाळी माजते. लोक दाटीवाटीने राहत असतात, हवा खराब होते, आधी फुप्फुसे बिघडतात आणि साथ हातपाय पसरते. म्हणूनच वस्तीत घराघरांमध्ये मोकळ्या जागा सोडणे आवश्यक आहे, म्हणजे वारा खेळेल, खराब हवा बाहेर जाईल आणि चांगली आत येईल. पूर्वेत काहिरा आणि पश्चिमेत फेज अशा दाट शहरांत साथीचा मार जास्त बसतो, हेही त्यांनी नोंदवले.

म्हणजे काय, तर साथ त्यांच्या दृष्टीने केवळ शरीराचा आजार नव्हती. तिच्या मागे भूक होती, भुकेच्या मागे पडीक शेत होते, शेताच्या मागे जुलमी कर होता. आई-वडिलांना ताऊनने नेल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी त्यांनी हा हिशेब मांडला.

प्लेगचे खरे कारण त्यांना माहीत असणे शक्य नव्हते. त्याचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला, आणि उंदरांवरच्या पिसवांमार्फत तो माणसापर्यंत येतो हे त्यानंतर कळले. पण जंतू सापडल्यानंतरही त्यांनी विचारलेला प्रश्न संपला नाही. 1896 मध्ये हाच आजार मुंबईत मांडवी भागात आला आणि अंधाऱ्या, कोंदट, दाट वस्त्यांमध्ये त्याने थैमान घातले. 1898 मध्ये सरकारने शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट नेमला. वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. पण ज्यांची घरे पाडली, त्या सगळ्यांना नवी घरे मिळाली नाहीत. त्यातले कितीतरी गरीब शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहू लागले. मोकळी हवा हवीच, पण ती कोणाला मिळते आणि कोणाच्या वाट्याची जाते, हेही बघावे लागते. इब्ने खल्दून यांच्या साखळीत जुलूम ही कडी का आहे, ते इथे नीट कळते.

चौथी गोष्ट अन्नाची. शहरी माणूस भरमसाट आणि मिसळीचे खातो, अंगमेहनत करत नाही, खराब हवेत श्वास घेतो, म्हणून शहरात हकिमांची गरज जास्त, असे त्यांचे निरीक्षण आहे. कमी खाणारे, चालणारे-फिरणारे वाळवंटातले लोक त्यांना जास्त निरोगी आणि तल्लख वाटले. मधुमेह आणि रक्तदाबाने आपल्या घराघरांत ठाण मांडलेले असताना हे वाचले की आश्चर्य वाटते. पण एक सावधगिरीही हवी. भूक ही पोटभर खाण्यापेक्षा चांगली, असे ते एका टोकाला जाऊन म्हणतात. मोठ्या माणसाच्या अतिखाण्याबद्दल ते ठीक आहे, वाढत्या मुलाबद्दल नाही. आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत पुरेसे पोषण मिळाले नाही तर मुलाची उंची आणि बुद्धी दोन्हींची वाढ खुंटते, हे आज सिद्ध झालेले आहे.

पाचवी गोष्ट बुद्धीची, आणि आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटते. मगरिबचे लोक पूर्वेकडे प्रवासाला जात. तिथल्या लोकांचे इल्म आणि कारागिरी बघून थक्क होत आणि म्हणत, हे लोक जन्मानेच आपल्यापेक्षा हुशार आहेत. इब्ने खल्दून यांनी हे मान्य केले नाही. माणूस म्हणून दोघांत फरक नाही, त्यांनी ठासून सांगितले. फरक आहे तो शाळांचा, उस्तादांचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हुनरांचा. जिथे शिकवण्याची परंपरा टिकली तिथे अक्कल धारदार दिसते, जिथे ती तुटली तिथे बोथट. याच पद्धतीने त्यांनी कातडीच्या रंगाबद्दलचा जुना गैरसमजही खोडून काढला. काळा रंग हा कुठल्या शापाचा परिणाम नाही, तो उन्हाचा आणि हवामानाचा परिणाम आहे, असे त्यांनी लिहिले. दुःखाची गोष्ट ही की, त्याच ग्रंथात दूर दक्षिणेच्या आफ्रिकी लोकांबद्दल त्यांनी हिणवणारी विधानेही केली आहेत. थोर माणसाची चूक झाकून ठेवण्यात त्याचा मान नाही. त्यांनीच दिलेल्या कसोटीवर ती विधाने टिकत नाहीत.

सहावी गोष्ट मुलांची. छडीच्या धाकाने वाढलेल्या मुलाचे काय होते? इब्ने खल्दून सांगतात, त्याचे मन आक्रसते, उमेद जाते, तो आळशी होतो, मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला शिकतो, आणि हळूहळू ते खोटेपण त्याचा स्वभाव बनते. जे मुलाचे, तेच संपूर्ण कौमचे. दडपणाखाली राहिलेल्या समाजाची आशा मरते, आशा मेली की कामाचा उत्साह मरतो आणि लोकसंख्याही घटते. त्यांच्या मते हा त्या लोकांचा जन्मजात दोष नसतो, ही दडपणाची जखम असते.

'मुकद्दमा' नंतरचे त्यांचे आयुष्यही सोपे नव्हते. 1378 मध्ये ग्रंथालयांच्या ओढीने ते ट्युनिसला परतले. 1382 मध्ये हजच्या इराद्याने निघाले आणि काहिराला पोहोचले. त्या विशाल शहराने त्यांना भुरळ घातली. अल-अजहरमध्ये त्यांनी शिकवले. 1384 मध्ये ते मालिकी पंथाचे मुख्य काझी झाले. लाचखोर साक्षीदार आणि वशिलेबाज मंडळी यांच्याशी त्यांचे खटके उडाले. त्याच वर्षी त्यांचे कुटुंब ट्युनिसहून त्यांच्याकडे येत असताना अलेक्झांड्रियाजवळ जहाज बुडाले. सतराव्या वर्षी आई-वडील, आता पन्नाशीत बायको-मुले. त्यांनी पद सोडले, 1387 मध्ये हज केला आणि पुन्हा अध्यापनाला लागले.

1401 मध्ये तैमूरच्या फौजेने दमिश्कला वेढा घातला. तेव्हा जवळजवळ सत्तरीचे इब्ने खल्दून शहरात अडकले होते. दोरांच्या साहाय्याने त्यांना तटाच्या भिंतीवरून खाली उतरवण्यात आले आणि ते तैमूरला जाऊन भेटले. कित्येक दिवस त्यांची बोलणी चालली. ते सहीसलामत काहिराला परतले, पण दमिश्क लुटले आणि जाळले गेले. पुन्हा एकदा एक भरलेले शहर त्यांच्या डोळ्यांसमोर उजाड झाले. त्यानंतरही ते अनेकदा काझी झाले. 17 मार्च 1406 रोजी, रमजान महिन्यातच, काहिरात त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते काझीच्या पदावर होते. बाबुन्नस्र या दरवाजाबाहेरच्या सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.

वाचकहो, इब्ने खल्दून यांच्यावर आपण अभिमानाने भाषणे करतो. पण त्यांनी दिलेली नजर आपण वापरतो का? आपल्या मोहल्ल्यांकडे बघा. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे, खिडकी असली तर समोरच्या भिंतीला टेकलेली, गटार उघडे, नळाला तासभर पाणी. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि अशा बंद खोलीत ते घरभर फिरतात. तरीही घरात क्षय निघाला की आपण तो लपवतो, विशेषतः मुलगी लग्नाची असली तर. जणू तो खानदानाला लागलेला डाग आहे. मूल अभ्यासात मागे पडले की मठ्ठ म्हणून मोकळे होतो. त्याच्या पोटात काय गेले, त्याला बसायला जागा आहे का, शिक्षकाची छडी किती चालते, हे विचारत नाही. आणि बाहेरचे कोणी आपल्या कौमबद्दल हे लोक असेच असतात असे म्हणाले की आपल्याला राग येतो. राग येणे बरोबरच आहे. पण त्याचे उत्तर इब्ने खल्दून यांच्याकडे तयार आहे: लोक जन्मतः असे नसतात, परिस्थिती त्यांना तसे करते, आणि परिस्थिती बदलता येते.

यातले काही आपल्या हातात आहे. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, ती लाज न बाळगता घ्यावीत. नवे घर घेताना फरशी आणि रंगाच्या आधी खिडकी कुठे उघडते ते बघावे. मजला चढवताना शेजाऱ्याची हवा बंद होत नाही ना, हा विचार करावा. हा शेजाऱ्याचा हक्क आहे. मदरसा असो की शाळा, मुलावर उगारलेला हात थांबवावा. आणि जे आपल्या हातात नाही, म्हणजे पाण्याची लाइन, गटारे, दवाखाना, मैदान, त्यासाठी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला नेमका प्रश्न विचारावा. कमानी आणि बॅनर नकोत, आमच्या गल्लीत वारा आणि पाणी कधी येणार ते सांगा, असे त्याला तोंडावर सांगायची सवय आपल्याला लागली पाहिजे.